शेवटी काय केलं?

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी एकदा कॉम्प्युटरची हार्ड डिस्क फाट्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली होती. बर्फाच्या रंगीत नळ्या आणि मटका कुल्फी यांच्या मधोमध, दोन पिशव्यांत गुंडाळून, वरून सुतळी बांधून. बारा वर्षं मी ही गोष्ट हसत सांगत आलो. लग्नाच्या मांडवात, पेपर तपासणीच्या केंद्रावर, निवडणुकीच्या ड्युटीवर. दर वेळी लोक पोट धरून हसले. "डिस्क कोनी फ्रीजात ठेवते काय राजा!" म्हणाले. मीही हसलो.

सांगताना मी एक भाग गाळत असे. तो आज लिहितो आहे.

सौंदडपासून थोडं आत आमचं ज्युनिअर कॉलेज. सर तिथं माझ्या आधी वीस वर्षांपासून होते. उंच, खांद्यातून किंचित वाकलेले. उजव्या पायाच्या पँटला सायकलची क्लिप. सायकल विकून स्कूटर घेतल्याला सहा वर्षं झाली होती, पण क्लिप काही निघाली नव्हती. खिशात पेनाशेजारी टेस्टर. वर्गात खडू सापडला नाही तर टेस्टरनंच हवेत आकृती काढायचे आणि पोरांना म्हणायचे, "दिसली नं? मंग उतरवा."

कॉम्प्युटर शिकवायला म्हणून कॉलेजनं नेमलं होतं मला. माझ्याकडे नागपूरच्या एका क्लासचं सर्टिफिकेट होतं, फ्रेम करून घरी लावलेलं. पण लॅबमध्ये काही बिघडलं की पोरं माझ्या टेबलासमोरून पळत सरांकडे जायची. सर मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय सर्टिफिकेट, चहा पेतं काय?" असं म्हणत. त्यात कुजकेपणा नव्हता. पण मी चौतीस वर्षांचा होतो, आणि मला ते लागायचं.

लॅब सरांची. कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेली सहा मशिनं त्यांनी ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आणली आणि त्यांवर फुकटची लिनक्स टाकली. सर कोहळी घरातले. कोहळी म्हणजे आमच्याकडे गावोगावी तलाव बांधणारे शेतकरी. त्यामुळं सगळ्यांत मोठ्या डिस्कच्या मशीनचं नाव 'मोठा तलाव' आणि बाकीच्या पाच 'बोड्या'. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. मशिनांवर सरांच्या बायकोच्या, बाईंच्या, जुन्या सुती साड्यांचे तुकडे झाकलेले. पोरं ओरडत यायची, "सर, बोडी तीन आटली!"

आणि लॅबच्या दाराशी, खिळ्याला सुतळीनं बांधलेली, लाल पुठ्ठ्याची एक लांब वही. चार रकाने. कोणतं मशीन, काय दिसते, शेवटी काय केलं, सही.

"मशीन आपल्या मनानं बिघडत नाही," सर म्हणत. "त्याच्या आधी कोनं ना कोनं काहीतरी केलेलं राहते. तेवढं सांगा. अर्धं काम झालं."

आणि खरं लिहिणाऱ्याला लिमलेटची गोळी. रागवायचे नाहीत. एका मुलीनं लिहिलं होतं, "डबा उघडला. वरण सांडलं. फडक्यानं पुसलं. मग पाण्यानं पुसलं." सरांनी तिला दोन गोळ्या दिल्या. एक वरणाची, एक पाण्याची. कीबोर्ड उन्हात वाळत घातला आणि तो चालला.

प्राचार्यांनाही सूट नव्हती. एकदा कॉलेजची विजेची घंटा वाजेना. सर वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये.

"साहेब, शेवटी काय केलं?"

"अहो, मी काय करणार? बटन दाबलं."

"त्याच्या आधी?"

शेवटी प्राचार्यांनी लिहिलं, मोबाइल चार्ज करायला घंटेचा प्लग काढला होता. सही केली. गोळी खाताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

बाईंनी मला त्यांच्या मुर्री गावच्या घरी सांगितलेलं. एकदा दोघांत दोन दिवस बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सरांनी वही आणून पुढं ठेवली. "मी बी लिहिलं," बाई म्हणाल्या. "'तुमच्या बहिनीसमोर माझ्या भाजीले नावं ठेवली.' त्यांनी वाचलं, आन् म्हणते कसे, 'हे तं मी केलं. सही मले कराची हाये.' आन् केली!"

मी एकदा विचारलं होतं, "सर, कोणी खोटं लिहिलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लॅबमध्ये थुंकलो होतो.

"लिहिलेलं खरं धराचं. नाही तं वही कायले ठेवाची?"

फ्रीजरची गोष्ट खरी सुरू होते पौषात. बोडी चारची डिस्क टिक्‌टिक् करू लागली. सर ती पुन्हापुन्हा चालू करून पाहत राहिले आणि दर खेपेला तिच्यातलं काहीतरी गेलं. मग त्यांनी कुठंतरी वाचलं, की मरायला टेकलेली डिस्क गार केली तर थोडा वेळ जगते. फाट्यावरच्या डीप फ्रीजरमध्ये एक दिवस ठेवली, जोडली, आणि खरंच, वीस मिनिटं चालली. उरलेलं सगळं दुसरीकडे काढून घेता आलं. कॉलेजभर बोलबाला. त्या दिवसापासून सरांचा नियम ठरला. मरणाऱ्या डिस्कला फिरवायची नाही. आधी थंडी, मग एकदाच जोडायची, सगळा माल एका दमात बाहेर.

हा नियम लक्षात ठेवा. मला तो चांगला माहीत होता.

सर म्हाताऱ्या माणसांचे आवाज जमवत. तलाव, पाळ, पाणीवाटप यांबद्दल बोलणारे. टेपरेकॉर्डरवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून म्हाताऱ्याला स्कूटरवर मागं बसवून लॅबमध्ये आणत आणि मोठ्या तलावाच्या माइकसमोर बसवत. त्या चैत्रात त्यांनी जवळच्या गावचा पानकर आणला. पानकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं बांध्यांना सोडणारा माणूस. धानाच्या चिखलातली ती चौकोनी शेतं, त्यांना बांधी म्हणतात. कोणत्या बांधीला आधी आणि कोणत्या बांधीला मागून, हे त्याच्या डोक्यात. चांगल्या पावसाची पाळी त्याच्या पोराला येत होती. दुष्काळातली पाळी वेगळी, आणि ती एकट्या बुढ्यालाच ठाऊक होती. गेल्या वीस वर्षांत ती लागली नव्हती.

तीन दुपारी म्हातारा येऊन बसला. माइकला तो मशीनचा कान समजायचा. त्यावर वाकून मोठ्यानं विचारायचा, "ऐकून राहिला काय रे बाप्पा?" मग पडद्यावरची लाल रेघ उडालेली पाहून खूश व्हायचा. "ऐकते! ऐकते!"

सर स्वतः आत बसत नसत. काठी घेऊन व्हरांड्यात उभे राहत आणि पोपट, कावळे, शेळ्या, पोरं, सगळ्यांना हाकलत, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको. आत रेघेवर लक्ष ठेवायला मी.

तिसऱ्या दुपारी म्हाताऱ्यानं दुष्काळातली पाळी सांगायला घेतली. "पयले मोहाखालची. मंग जोडबांधी. मंग म्हातारीची..." उन्हानं डोकं उठलं होतं आणि त्याचा आवाज कानाला टोचत होता. रेघ आपली उडत होती. मी हळूच उठलो आणि मागच्या दारानं चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा म्हातारा माइकला रामराम करत होता.

वैशाखात म्हातारा गेला. एकाएकी, अंगणात बसल्याबसल्या. त्याचा मुलगा कॉलेजवर आला. माझ्याच वयाचा, डोकं नुकतंच भादरलेलं.

"सर, बाबाचा आवाज हाये नं तुमच्यापाशी?"

"हाये."

"तेरवीले ऐकवान काय? सारं गाव येते. पाळी बी लिहून घेऊ. पुढं मलेच पाहाचं हाये आता."

सर म्हणाले, "मोठा तलावच घेऊन येतो ट्रॅक्टरवर. पडद्यासकट."

आणि इथं मी आलो.

मोठ्या तलावाचा पडदा म्हणजे राखाडी, चौकोनी, ओकाबोका. मला वाटलं, सारं गाव बघणार, सरपंच असणार, आणि हे असं? माझ्याकडे एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली सीडी होती. तिच्यात नवं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट होतं. म्हणजे मशीनचा आतला जीव तोच, चेहरा नवा. निळी पारदर्शक खिडकी, सावल्या पडणारी चित्रं. गावानं विचारावं, हे कोणी केलं? आणि सरांनी म्हणावं, आमच्या सर्टिफिकेटनं. एवढंच. याहून मोठं कारण नव्हतं.

तेरवीला, म्हणजे तेराव्याला, चार दिवस होते. सुट्ट्या लागलेल्या. सर गोंदियाला गेले होते. मी लॅब उघडली, सीडी टाकली, सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हटलं. पाऊण तासानं मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. अक्षरांच्या ओळी भराभर वर गेल्या. मग पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी आडवी रेघ. हलत नव्हती. कीबोर्डचे दिवेही पेटेनात.

काय झालं ते मला कळलं होतं. म्हाताऱ्या मशीनला नवा चेहरा पेलला नव्हता. डिस्कला काहीही झालं नव्हतं. उपायही वाचलेला होता. सुरू होतानाच एक बटन दाबायचं, साध्या मार्गानं आत शिरायचं, नवं काढून टाकायचं. मी पाचदा केलं, पाचदा चुकलं. सरांना जमलं असतं. हेही मला माहीत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

सहाव्यांदा बटन दाबत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"काय झालं, सर्टिफिकेट?"

"चालू होत नाही सर."

त्यांनी काळा पडदा पाहिला. पण मशीनला हात लावला नाही. दाराजवळ गेले, वही सोडली, माझ्यापुढं ठेवली. पेन काढून दिलं.

तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "काही नाही. आपोआप बंद पडलं." सही केली.

सरांनी दोनदा वाचलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही सर."

त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

बारा वर्षांत सगळ्यात जास्त मला ती गोळीच आठवली आहे. नारिंगी होती.

मग सर मनाशी बोलावं तसं बोलू लागले. काही बदललं नाही, म्हणजे आतले प्रोग्रॅम शाबूत. म्हणजे डिस्कच बिघडली. बोडी चारचंही असंच झालं होतं. पानकराचा आवाज अजून सीडीवर उतरवला नव्हता, बाकीच्यांचे होते. "फिरवाची नाही आता. बिलकुल नाही."

मी म्हणालो. एकदाच म्हणालो, हळू आवाजात. "सर, आधी बोडी दोनला जोडून पाहू ना. असेलही चांगली."

ते माझ्याकडे वळले. "तू काही नाही केलं म्हनतं नं?"

"हो."

"मंग डिस्कच हाये. कायले फिरवून मारतं तिले?"

पुढं बोलायचं तर वहीतलं खोटं खोडावं लागलं असतं; मी मशीनची वायर काढून दिली. सरांनी डिस्क काढली. पिशवीत घातली. मी स्कूटरवर मागं बसलो आणि ती मांडीवर धरली. चांगली, धडधाकट डिस्क. फाट्यावर कोल्ड्रिंकवाला म्हणाला, "अजून एक बीमार पडली काय सर?" आणि फ्रीजरचं झाकण उघडलं. वाफ वर आली. सरांनी कुल्फीचे मटके बाजूला सरकवले. मी बघत उभा होतो. झाकण बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काढली. बोडी चारची डिस्क पौषात काढली होती, ही वैशाखात. बाहेर हवा भट्टीची. पिशवी उघडल्याबरोबर डिस्कला घाम फुटला. थेंब, थेंब, सगळीकडून. सरांनी रुमालानं पुसलं, पुन्हा फुटला. थंडी जाईल म्हणून त्यांना घाई होती. तरी ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता तरी बोलू. तोंडसुद्धा उघडलं.

त्यांनी बटन दाबलं.

चट् झालं. जळका वास आला. मग काहीच नाही. टिक्‌टिकसुद्धा नाही.

मी आयुष्यात मेलेली माणसं पाहिली आहेत. पण कोणीतरी धडधाकट असलेलं, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्यामुळं मेलं, असं ते एकच. 

सर स्टुलावर बसले. हातात तो ओला रुमाल. मग म्हणाले, "तू तं आत होता नं? पाळी सांगितली तवा? आठवते काय?"

तीन बांध्या मला आठवत होत्या. मोहाखालची, जोडबांधी, म्हातारीची. पण तीन सांगितल्या असत्या तर चौथी विचारली असती. आणि चौथीच्या वेळी मी चहा पीत होतो.

"नाही सर. माझं लक्ष रेघेवर होतं."

ते दुसरं खोटं. ते वहीत नाही.

त्याच दुपारी मी घाईनं घरी निघून आलो. सर मागं थांबून मोठ्या तलावात एक जुनी डिस्क बसवत होते. दुसऱ्या दिवशी सीडीची आठवण झाली. धावत लॅबमध्ये गेलो, ट्रे उघडला. रिकामा. मी स्वतःला समजावलं, आपणच काढून घेतली असेल.

तेरवीला आम्ही ट्रॅक्टरवर काही नेलं नाही. नुसते गेलो. मांडवात गाव बसलं होतं. म्हाताऱ्याची बायको अगदी पुढं, हातावर हात ठेवून. एकानं वही-पेन घेऊन तयारी केलेली, पाळी उतरवून घ्यायला. सर उभे राहिले. पायाला क्लिप होतीच.

"डिस्क चांगली होती," ते म्हणाले. "मी मारली. बर्फात ठेवली, पानी लागलं, जळली. गलती माही हाये. आवाज गेला."

वही-पेनवाल्यानं पेनाला टोपण लावलं. म्हाताऱ्याच्या बायकोनं शेजारणीला विचारलं, "मंग आता बोलनार नाही काय तो?"

डिस्क चांगली होती. हे वाक्य मी ऐकलं आणि कानावरून जाऊ दिलं. मला वाटलं, तोंडाला आलं ते बोलले.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पानकराच्या पोरानं आपल्याला येत होती ती पाळी लावली, वरून खाली. खालच्या बांध्या करपल्या. भांडणं झाली. कोणी म्हणे, बुढा असं करत नव्हता. कोणी म्हणे, असंच करत होता. एका सकाळी गाव उठलं तर तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, पहारीनं फोडलेलं आणि तलाव रिकामा. कोणी फोडलं ते कळलं नाही. पोरानं पानकरकी सोडली आणि तिरोड्याकडे ठेक्याच्या कामाला निघून गेला. पुढं त्या गावात पानकर झाला नाही.

सरांच्यात म्हणाल तर काही बदललं नाही. तीच क्लिप, तीच वही, त्याच गोळ्या. "काय सर्टिफिकेट, चहा पेतं काय?" तेही तसंच. पण सहाएक महिन्यांनी एक दिवस माझ्या हातून बोडी एक अडकली. मी सरांना बोलावलं. ते आले, टेस्टर काढला, काम केलं, गेले. वही खिळ्यालाच लटकत राहिली.

तेव्हा मला धक्का बसला. मी आठवून पाहिलं. तेरवीपासून सरांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, शेवटी काय केलं? पोरांना विचारत. शिपायाला विचारत. प्राचार्यांना विचारत. मला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, नाही. माझ्यासमोर मशीन बिघडलं की ते मुकाट्यानं दुरुस्त करत, माणूस खोलीत नसल्यासारखं.

मी काय केलं? मी फ्रीजरची गोष्ट हसत सांगायला शिकलो.

गेल्या दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. "याइचं मशीन बंद पडलं. डोळ्यानं आता कमी दिसते. येता काय?" मी मुर्रीला गेलो. सर खाटेवर बसलेले, जाड भिंगाचा चष्मा. पँटऐवजी लुंगी होती, म्हणून क्लिप नव्हती. ती टेबलावर कागद धरायला वापरलेली.

पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात पांढरी आडवी रेघ.

माझ्या तोंडून गेलं. विचार करून नाही, सवयीनं गेलं. "सर, शेवटी काय केलं?"

"नवा चेहरा टाकला," सर लगेच म्हणाले. "कालच्याला. लहान अक्षरं दिसत नाही, म्हटलं मोठी येतील. चालू केलं तं काळं झालं. बस."

एवढंच. दोन ओळी. मी सुरू होताना बटन दाबलं, साध्या मार्गानं आत गेलो, नवं काढलं, मशीन पुन्हा चालू केलं. राखाडी पडदा आला. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं.

दहा मिनिटं लागली होती. मी खुर्चीत बसून राहिलो. बाई चहा घेऊन आल्या आणि ठेवून आत गेल्या.

"सर, त्या वेळी मी सीडी टाकली होती."

"मालूम हाये."

"काय?"

"ट्रेमधी होती. त्याच दिवशी, जुनी डिस्क बसवताना सापडली. तुह्या मासिकाची, वर तुही सही. बाप्पा, सीडीवर बी सही करतं तू." ते हसले. "तेरवीच्या तीन दिवस आधी."

म्हणजे मांडवात उभे राहून ते बोलले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. डिस्क चांगली होती, हे वाक्य ते माझ्यासाठी बोलले होते. मी मांडवात चार हातांवर उभा होतो आणि ऐकलं नव्हतं.

"मग तिथं सांगितलं का नाही?"

"कायचं सांगू? तू चेहरा बदलला. डिस्क तं मीच मारली नं."

"पण मी खरं लिहिलं असतं तर..."

"हो. नसती मेली." त्यांनी ते सरळ म्हटलं. गोड केलं नाही.

"आणि मग मला विचारणं का बंद केलं? सहा वर्षं, सर."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"विचारलं असतं तं तू पुन्हा काही नाही म्हटलं असतं. वहीत एकच खोटं होतं. दोन कायले करू?"

मी रडलो. ते मी लिहिणार नव्हतो. सरांनी मला थांबवलंही नाही आणि पाठीवरून हातही फिरवला नाही. रडणं संपल्यावर म्हणाले, "मले कायले सांगून राहिला? माह्या तं कानात व्हरांड्यातले पोपट होते. ज्याचा बाप होता त्याले सांग. तो आलाय वापस गावात. काम सुटलं त्याचं."

"काय सांगू त्याला?"

"शेवटी काय केलं ते."

मी आठवड्यानं गेलो. मुलगा आता माझ्यासारखाच पन्नाशीकडे झुकलेला. तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, बसला होता. तुडूम सिमेंटनं बुजवलेलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सीडी, वही, गोळी, फ्रीजर. मध्ये थांबलो नाही, नाही तर राहिलं असतं. तो पाण्याकडे पाहत ऐकत होता. मला वाटलं, आता मारेल. मारायला हवं होतं.

त्यानं विचारलं, "तुमी आत होते त्या दिवशी? बाबा पाळी सांगत होता तवा?"

"होतो."

"ऐकली काय?"

"थोडी."

तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. आशा होती.

"सांगा."

"पयले मोहाखालची," मी म्हणालो. म्हाताऱ्याच्याच बोलीत निघालं. "मंग जोडबांधी. मंग म्हातारीची."

त्यानं तीन बोटं दुमडली. चौथं बोट धरून ठेवलं.

"मंग?"

समोर बांध्या पसरलेल्या होत्या, ओळीनं, उन्हात. मी सगळीकडे पाहिलं.

"मंग?" तो पुन्हा म्हणाला. बोट अजून धरलेलंच.